महाखवल्या कधी बाहेर काढावा

सोमवार, ३ फेब्रुवारी

पस्तीस वर्षं मी लिफ्टच्या नोंदवहीत लिहिलं. तारीख, इमारत, दोष काय, उपाय काय, खाली सही. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने ही जाडजूड डायरी हातात ठेवली, तेव्हा प्रश्न पडला की यात भरायचं काय? ना दोष, ना उपाय. पाच महिने कोरीच राहिली.

आज लिहितोय, कारण घरात एक नवीन यंत्र आलंय.

सासूबाई दीड महिन्यापासून आमच्याकडे आहेत. त्यांच्या घरी बाथरूममध्ये घसरल्या, उजवं मनगट मोडलं. मेहुणा कामासाठी परदेशी गेलेला, म्हणून मुक्काम आमच्याकडे. प्लास्टर निघालंय, पण बोटं आखडलीत असं त्या म्हणतात. त्यांना व्यायाम द्यायला आठवड्यातून दोनदा एक बाई येतात. आम्ही त्यांना व्यायामबाईच म्हणतो. आज या व्यायामबाईंनी पिशवीतून रबरी चेंडूऐवजी व्हिडिओ गेमचं यंत्र काढलं आणि टीव्हीला जोडलं.

"चेंडू दाबून कंटाळतात हो त्या. यावर अंगठे, बोटं, सगळं हलेल. फक्त दोघांनी खेळायचा असतो."

आमची ही लगेच म्हणाली, "अहो, तुम्ही बसा ना आईबरोबर. मी दिवसभर लॅबमध्ये. तिचं मन तरी रमेल."

मी म्हटलं, मला वेळ नाही.

"कशात जातो वेळ?" तिने अगदी साधेपणाने विचारलं. ती रक्त तपासते, माणसं नाही. तरी तिचे साधे प्रश्न सुईसारखे असतात. मी दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या लिफ्टच्या मोटरीचा आवाज ऐकतो, हे काही सांगण्यासारखं उत्तर नव्हे. (त्या मोटरीचं बेअरिंग गेलंय. कुणाला पडलेलीच नाही.)

सासूबाईंविषयी दोन शब्द. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडच्या या ग्रहाने तेहतीस वर्षांत आपली कक्षा सोडली नाही आणि त्यांनीही कधी दुर्बीण लावली नाही. लग्न ठरताना त्यांनी एकच शेरा मारला होता, "मुलगा लिफ्टचा मिस्त्री आहे म्हणजे आयुष्यभर वर-खालीच करणार." त्यानंतर आम्ही एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे वागत आलो आहोत. मेहुणा ९ मार्चला परत येणार आहे. मी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती बारीक गोल करून ठेवलाय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

खेळाचं नाव झुंजवन. प्रत्येक जोडीकडे तीन प्राणी. दोन रिंगणात, तिसरा बाहेर बाकावर. रिंगणातला एक प्राणी मी चालवायचा, दुसरा आईंनी. एकेका फेरीत चारही प्राणी आपापली पाळी खेळतात, चपळ असेल तो आधी, सुस्त असेल तो शेवटी. पाळीला एकच काम करता येतं. मारायचं, किंवा ढाल धरून स्वतःला वाचवायचं, किंवा बाकावरच्याशी अदलाबदल करायची. ढाल लागोपाठ दोनदा धरता येत नाही. एवढं कळायला मला दोन दिवस लागले. आईंना एक सकाळ.

आणि मग आम्हाला महाखवल्या मिळाला! खवल्या मांजराचा कुणी बैल केला आणि त्या बैलाचा डोंगर केला, तर जे होईल ते. तो उभा राहिला की टीव्ही कलंडतो की काय असं वाटतं. त्याचा डाव म्हणजे दरड. शेपटी आपटली की दरड कोसळते आणि जमिनीवर जो कुणी असेल तो आडवा. फक्त समोरचाही महाखवल्याच असला आणि धडधाकट असला, तर तेवढा अर्धमेला होऊन उरतो.

"हा मी चालवतो," मी म्हटलं.

"चालवा की. तुम्ही पुरुषमाणूस," आई म्हणाल्या.

त्या कौतुक कधी करतात आणि कधी करत नाहीत, हे मला तेहतीस वर्षांत ओळखता आलेलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

इंटरनेटवरून अनोळखी जोड्यांशी चौदा सामने. हरलो बारा. जिंकलेल्या दोनांपैकी एकात समोरच्यांची वीज गेली असावी.

दोष: महाखवल्या ताकदवान, पण सगळ्यांत सुस्त. त्याची पाळी येईपर्यंत समोरच्यांनी त्याला दोनदा बदडलेलं असतं. दरड टाकली की पुढची पूर्ण फेरी तो धापा टाकत पडून राहतो. आणि दरडीला आपलं-परकं कळत नाही. आपलाच जोडीदार जमिनीवर असेल तर तोही चेंगरतो. उडणारा असेल किंवा ढालीमागे असेल तरच वाचतो.

उपाय: अजून नाही.

आईंची शिस्त भलतीच कडक आहे. सकाळी नऊला सामना, म्हणजे नऊला मी अंघोळ आणि दाढी करून टीव्हीसमोर हवा. "समोरच्यांना आपण दिसत नाही, आई," मी समजावलं.

"मला दिसता," त्या म्हणाल्या.

त्यांच्यासाठी म्हणून मी करतो हे सगळं. आजारी माणसाचे हट्ट पुरवावे लागतात.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज भयंकर घडलं. मी आईंवर ओरडलो.

आई डबक्या नावाचा बेडूक चालवत होत्या. समोरचे दोघे ढालीविना उभे. मी दरड टाकली. दोघे गेले, पण डबक्याही गेला आणि समोरच्यांचा तिसरा प्राणी येऊन आम्हाला धुऊन गेला.

"सांगायचं तरी!" आई म्हणाल्या.

आणि माझ्या तोंडून निघालं, "सांगायचं काय त्यात? तो शेपटी उचलतो ते दिसत नाही? बेडूक बाकावर घ्यायला काय झालं होतं? डोळे आहेत की बटणं?"

मी मेल्याहून मेल्यासारखा. आईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला, चष्मा पुसला, परत घातला.

"तेहतीस वर्षांनी तुमचा आवाज ऐकला," त्या म्हणाल्या. "बरा आहे की." आणि मग त्या अशा काही कडाडल्या की बस्स. "डोळे असते तर तुम्हाला दिसलं असतं, की त्या बेडकाचा निम्मा जीव आधीच गेला होता! ज्याच्या खांद्यावर उभं राहायचं त्याच्याकडे बघायचं नाही, आणि म्हणे दरड! उचलली शेपटी, आपटली धोंड्यावर!"

ही कामावरून परतली तेव्हा आम्ही दोघं उभे राहून एका बेडकावरून भांडत होतो. तिने दारातूनच पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि थेट स्वयंपाकघरात गेली. पाठमोरी उभी होती, खांदे गदगदत होते. रडत असावी बिचारी. नवऱ्याचं आणि आईचं असं भांडण बघवतं का कुणाला? उद्या तिची माफी मागेन.

सोमवार, १७ फेब्रुवारी

माफी मागितली. ती म्हणाली, "भांडा हो खुशाल." तिला पुन्हा भरून आलं, कारण ती घाईघाईने बाथरूममध्ये निघून गेली.

भांडणापासून एक सोय झाली आहे. आता आम्ही नीट बोलू शकतो. आज आईंनी चहा घेता घेता सांगितलं, "जावईबापू, तुमच्या त्या डोंगराला बाकावर बसवा."

मी म्हटलं, सगळ्यांत ताकदवान प्राणी बाकावर? मग तो मिळवला कशाला?

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या हे मला माहीत होतं. एकतीस वर्षं होत्या, हे आज कळलं. त्या म्हणाल्या, "मोठ्या साहेबांचा फोन जोडायचा असला की मी पलीकडच्याला आधी नुसतं सांगायची, साहेब लाइनवर येताहेत. पलीकडचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहायचा. मला ऐकू यायची ना खुर्ची सरकलेली! साहेबांना यायला पाच मिनिटं लागोत, तो आपला उभाच. आणि साहेब एकदा बोलायला लागले की कळायचं, यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. मग तो माणूस आरामात खाली बसायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा साहेब फार लवकर लाइनवर येतो."

मी म्हटलं, करून बघू, पण हरलो तर खापर माझ्यावर नको. रिंगणात आईंची टिटवी, ती उडते म्हणून दरडीची भीती नाही. आणि माझ्याकडे उरला कोण? डबक्या. पस्तीस वर्षं दहा-दहा माणसांच्या लिफ्ट उचलल्या आणि शेवटी नशिबी बेडूक.

पाच सामने खेळलो. बाकावर बसलेला महाखवल्या समोरच्यांना सतत दिसतो. कोणत्या फेरीत येईल या धास्तीने ते उगाच ढाली धरतात, पाळ्या वाया घालवतात, आणि आमची टिटवी टोचून टोचून त्यांचा जीव काढते. पाचपैकी चार जिंकलो. त्यातल्या तीन सामन्यांत महाखवल्या बाकावरून हललासुद्धा नाही!

मान्य करायला जड जातं, पण लिहून ठेवतो. डोकं आहे बाईंना.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज माझी पाळी. आजचा दिवस मी विसरणार नाही.

आईंची युक्ती चांगली, पण अर्धी. कसलेले खेळाडू आपल्या भीतीला पुरून उरतात, मग महाखवल्या काढावाच लागतो, आणि काढला की तो सुस्त तो सुस्तच. मी चार दिवस जुन्या तपासणीच्या कागदांच्या पाठीमागे आकृत्या काढत होतो. जेवायला ही दोनदा हाक मारायची. गॅलरीत जायलासुद्धा फुरसत झाली नाही, तेवढं एक नुकसान झालं.

आज सकाळी दाढी करताना सुचलं. लिफ्ट वर जाते ती काही नुसत्या मोटरीच्या जोरावर नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन असतं, ते खाली येतं म्हणून ती वर जाते. आमच्या डबक्याकडे एक डाव आहे, तो आम्ही कधी वापरलाच नव्हता. तो आपली पाळी जोडीदाराला देऊ शकतो. डबक्या चपळ, त्याची पाळी सगळ्यांत आधी. ती त्याने महाखवल्याला दिली, तर डोंगर सगळ्यांच्या आधी हलेल!

अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच, मी धावत हॉलमध्ये. आईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पण डबक्या जमिनीवर असणार. दरडीखाली तो जाईल."

"जाईल," मी म्हटलं. "म्हणून सामन्यात एकदाच. तेही शेवटी. त्या एका फटक्यात सगळं संपणार असेल तरच."

आईंनी चष्मा नाकावर वर सरकवला. मग म्हणाल्या, "हे सगळं लिफ्टमध्ये असतं?"

मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. दोर, चाक, वजन, सगळं. त्यांनी तासभर प्रश्न विचारले. दोर तुटला तर काय? ब्रेक कुठे असतो? तेहतीस वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा नाही. कागद त्यांनी घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. विसरून ठेवला असेल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

हिने वाचनालयातून एक अर्ज आणला. १६ मार्चला तिथल्या सभागृहात झुंजवनचे जोडी सामने आहेत, सोळा जोड्या. अर्जावर आमची दोघांची नावं आधीच लिहिलेली. "चुकून लिहून टाकली," म्हणाली. खाली वय लिहायचा रकाना होता, तोही चुकून भरला गेलाय.

मी म्हटलं, पोरासोरांत जाऊन हसं करून घ्यायचंय का? आईंनी मात्र लगेच मेहुण्याला फोन लावला, की ९ तारखेला न्यायला येऊ नकोस, मला काम आहे.

मग मला विचारलं, "कॅलेंडरवर नऊला गोल कसला हो?"

"टाकी धुवायची आहे," मी म्हटलं. आता टाकी धुणं आलं.

शनिवार, ८ मार्च

रोज सहा सामने. व्यायामबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, "आता मी येत नाही, यांचा हात तर केव्हाच—" तेवढ्यात ही मध्ये म्हणाली, "आत्ताच. आत्ताच बरा झाला." केव्हा का होईना, गुण खेळाचा आहे. पुरावाही आहे. गेल्या आठवड्यात आईंनी माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं, तेव्हा सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवला होता. एकोणऐंशीव्या वर्षी! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुपारी त्या मेहुण्याशी फोनवर बोलत होत्या. कानावर पडलं. "आता पुष्कळ बरं आहे. नीट जेवतात. परवा तर शीळ घालत होते."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, कोण हो?

"ओळखीतले एक आहेत. मध्यंतरी फार गप्प झाले होते."

म्हटलं, चला, बरे झाले ते बरं झालं. माणसाने काहीतरी उद्योग ठेवावा.

शुक्रवार, १४ मार्च

खरं लिहायचं तर भीती वाटते. लिफ्ट अडकली, आत माणसं ओरडताहेत, अशा वेळी माझा हात कधी चुकला नाही. आणि आज सरावात दोनदा चुकीचं बटण दाबलं. आईंना सांगितलं नाही. त्यांना कळलं असणार, कारण त्यांनी तिसरा सामना खेळायचं टाळलं आणि त्या नुसत्या गप्पा मारत बसल्या. एकदा रात्रपाळीत एक बाई चुकीच्या नंबरवर अर्धा तास रडली आणि आईंनी फोन कसा कापला नाही, ते सांगितलं. ही गोष्ट त्यांच्या मुलीलाही माहीत नाही म्हणे.

रविवार, १६ मार्च

हात अजून गरम आहेत. सविस्तर लिहितो.

सभागृहात शिरलो तेव्हा एकाने आईंना खुर्ची देत विचारलं, "आजी, नातवंडं कुठल्या जोडीत आहेत?"

"नातवंडं नाहीत. जोडी आमचीच आहे," आई म्हणाल्या. त्याने दुसरी खुर्ची मला दिली.

पहिला सामना महाखवल्या न हलवता जिंकलो. दुसराही. उपांत्य सामन्यात तो एकदा काढावा लागला, पण नुसता उभा केला, दरड न टाकता. समोरचा गडी इतका बिचकला की त्याने आपला चांगला प्राणी बाकावर घेतला आणि तिथेच फसला. आजूबाजूची कुजबुज मला ऐकू येत होती. "त्या काका-आजींचा डोंगर बघ. बसूनच असतो." माझ्या छातीवरची बटणं तुटायची वेळ आली होती.

अंतिम सामना जुळ्या बहिणींशी. विशीच्या, दोघींचेही केस निळे, बोलणं असं जुळलेलं की एकीने वाक्य सुरू करायचं, दुसरीने संपवायचं. त्यांच्याकडेही महाखवल्या होता, आणि त्यांनी तो पहिल्याच फेरीत रिंगणात उतरवला. जोडीला बगळा, म्हणजे उडणारा. बाकावर खेकडा.

आमची टिटवी आणि डबक्या. टिटवी आईंची, बेडूक माझा.

पहिल्याच फेरीत त्या दरड टाकणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मी स्वतः महिनाभरापूर्वी हेच करत होतो! मी डबक्याला ढाल धरायला लावली. दरड आली, गेली, बेडूक जागच्या जागी. त्यांचा डोंगर धापा टाकायला लागला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्याचा जीव निम्म्याच्या खाली आणला. मग त्यांना माझ्या डोंगराची धास्ती लागली. पुढच्या फेरीत त्यांचा महाखवल्या ढालीमागे. आम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, बगळ्याच्या मागे लागलो. चौथ्या फेरीत त्यांनी पुन्हा दरड टाकली, मी पुन्हा ढाल धरली, आणि आईंच्या टिटवीने बगळा पाडला. सभागृहात कुणीतरी शिट्टी मारली.

खेकडा रिंगणात आला. त्यांचा डोंगर धापा टाकत पडलेला. तेव्हा मी डबक्याला बाकावर घेतलं आणि महाखवल्या रिंगणात आणला. सगळे उभे राहिले. खरंच राहिले, खुर्च्या सरकल्याचा आवाज मी ऐकला.

पुढची फेरी. त्यांचा महाखवल्या सावरलेला, शेजारी खेकडा. आईंनी माझं मनगट धरलं. "मारा! आता मारा, जावईबापू!"

माझा अंगठा बटणावर होता. पण मी त्या दोघींकडे बघितलं. दोघी पुढे वाकलेल्या, दोघींचे खांदे वर. कुणी मारणार म्हटलं की माणूस असाच बसतो.

"थांबा, आई," मी म्हटलं. "दोघी ढाल धरणार आहेत. मी अंग गुंडाळून बसतो. तुम्ही टिटवी काढा, डबक्या आणा."

"पण—"

"विश्वास ठेवा माझ्यावर."

आईंनी टिटवी काढली. समोर दोन ढाली उभ्या राहिल्या, दोन्ही फुकट! लागोपाठ दुसऱ्यांदा ढाल धरता येत नाही. निळ्या केसांच्या दोघींना ते त्याच क्षणी कळलं. एकीने "अरे" म्हटलं, दुसरीने "देवा" म्हटलं.

"आता द्या," मी म्हटलं. आईंनी डबक्याची पाळी मला दिली. बेडकाने उडी मारली आणि आमचा डोंगर, झुंजवनातला सगळ्यांत सुस्त प्राणी, सगळ्यांच्या आधी उठला. अख्ख्या सामन्यात त्याने एकदाच शेपटी आपटली.

धूळ बसली तेव्हा रिंगणात फक्त तो होता.

मला पुढचं नीट आठवत नाही. आई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, मोडलेल्या हाताने. त्या बहिणी आमच्याकडे आल्या. "आजी, आम्हाला वाटलं तुम्ही त्याला बाकावर—" "—विसरूनच गेलात."

"ती युक्ती माझी," आई म्हणाल्या. "पण शेवटचा डाव यांचा. मला तर धीर धरवत नव्हता. हे मिस्त्री आहेत लिफ्टचे. यांच्या हाताखालून एक लिफ्ट कधी पडली नाही, पस्तीस वर्षांत." हा आकडा मी त्यांना कधी सांगितला ते आठवत नाही.

कप पितळी आहे, वीतभर उंच. टीव्हीच्या टेबलावर जागा नव्हती, म्हणून हिने फुलदाणी काढून तिथे ठेवलाय.

शनिवार, २२ मार्च

मेहुणा येऊन आईंना घेऊन गेला. त्याने दारातच माझा हात दोन्ही हातांत धरला आणि "थँक यू, भावजी, बरे दिसताय," असं म्हणाला. मला काय झालं होतं बरं दिसायला? आजारी तर आई होत्या. पण आईला बरं केलं म्हणून त्याला भरून आलं असेल, मी समजून घेतलं.

जाताना आई म्हणाल्या, "नऊला तयार राहा. तिकडूनही खेळता येतं, मी विचारून घेतलंय. आणि दाढी करून. मला नाही दिसलं तरी कळतं."

त्या गेल्यावर घर मोठं वाटतंय.

बुधवार, २६ मार्च

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी विनंती केली होती, की दर बुधवारी चार वाजता झुंजवन शिकवाल का. मला वाटलं चार-पाच जण येतील. एकोणीस आले! त्या जुळ्या बहिणीही आल्या, वही घेऊन. दोन पेन्शनर होते, एक बेकरीवाला होता, पिठाचे हात तसेच. फळ्यावर मी दोर, चाक आणि वजन काढलं आणि म्हटलं, "सगळ्यांत ताकदवान प्राणी तुमच्याकडे आहे, हे विसरा. तो आहे हे समोरच्याला विसरू देऊ नका." एकोणीस जणांनी ते लिहून घेतलं. माझं वाक्य! आयुष्यात माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं, तक्रार सोडून. दीड तास बोललो. घसा बसलाय आणि मन कसं भरून आलंय.

मध्येच लक्ष गेलं, तर शेवटच्या रांगेत ही बसलेली. लॅबमधून अर्धी रजा टाकून आली होती, मला न सांगता. हातात वही नाही, नुसती बघत होती. तास संपल्यावर ग्रंथपालबाईंनी तिला विचारलं, "तुम्हीही खेळता का?"

"छे, मला त्यातलं काही कळत नाही," ही हसून म्हणाली. "मी फक्त जोड्या लावते."

बायकोला खरंच खेळातलं ओ की ठो कळत नाही. जोडी लावण्याचा तिथे प्रश्नच नव्हता, आई आणि मी घरातच होतो की! पण इतक्या कौतुकाने माझ्याकडे बघत होती, की मी चारचौघांत तिची चूक दुरुस्त केली नाही.